खरबुजाचे बी पुढच्या वर्षासाठी कसे राखावे?

परसदार_वाई

नमस्कार. आमच्या परसात या उन्हाळ्यात खरबुजाचे वेल उत्तम फळले आहेत. साल जाळीदार, गर केशरी, आणि पिकलेले फळ घरात आणले की स्वयंपाकघरभर वास दरवळतो. रोपे जवळच्या रोपवाटिकेतून आणली होती आणि ट्रेवर नुसते 'खरबूज' एवढेच लिहिलेले होते. याच फळांचे बी राखून येत्या जानेवारी-फेब्रुवारीत पुन्हा लावावे, असा विचार आहे. त्याच वाफ्याच्या कडेला मांडवावर काकडी आहे, आणि मालवणकडच्या मावशीने दिलेल्या बियांचा चिबूडही आहे. शेजारचे काका सांगतात की काकडीजवळ खरबूज लावले तर ते सपक होते, त्यामुळे हे बी घेण्यात अर्थ नाही. या बियांतून असेच फळ मिळेल का, काकडीचा खरोखर परिणाम होतो का, आणि बी पावसाळाभर टिकवायचे कसे, हे जाणकारांनी सांगावे.

माळरान

सर्वांत आधी वाणाचा छडा लावा. रोपवाटिकेत मिळणारी खरबुजाची रोपे हल्ली बहुधा बॉबी, कुंदन अशा संकरित वाणांची असतात. संकरित वाणाच्या फळातले बी उगवते, वेलही जोमाने वाढतो, त्यामुळे सारे काही ठीक आहे असे वाटते. पण पुढच्या पिढीत मूळच्या दोन पालक वाणांचे गुण वेगवेगळ्या प्रमाणात विखुरतात, आणि एका वेलाला जाळीदार गोड फळ तर शेजारच्या वेलाला गुळगुळीत, पांचट फळ असा प्रकार होतो. रोपवाटिकेत जाऊन बियाण्याचे पाकीट पाहायला मागा. पाकिटावर 'संकरित' किंवा 'एफ-1' असे छापलेले असते.

मोहरी

माळरान यांचा मुद्दा योग्य आहे, पण तो निम्माच प्रश्न सोडवतो. बी कोणत्या आईचे आहे हे पाकीट सांगेल. बाप कोण हे मात्र मधमाशीला ठाऊक.

काकडीची काळजी मनातून काढून टाका. काकडीत गुणसूत्रांच्या 7 जोड्या असतात, खरबुजात 12 आणि कलिंगडात 11. या तिघांची फुले एकमेकांशेजारी उमलली आणि एकच मधमाशी तिन्हींवर बसली, तरी त्यांचा संकर होत नाही. चिबुडाचे तसे नाही. चिबूड, वाळूक, शेंदाड आणि खरबूज ही दिसायला व चवीला कितीही वेगळी वाटली, तरी वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ती 'कुकुमिस मेलो' या एकाच प्रजातीची रूपे आहेत आणि त्यांचा आपसांत सहज संकर होतो. तेव्हा तुमच्या खरबुजाच्या बियांना धोका आहे तो मावशीच्या चिबुडाचा.

दुसरी गोष्ट अशी की परके पराग पडले म्हणून त्याच फळाची चव बदलत नाही. फळाची साल आणि गर हे दोन्ही आईवेलाचे अवयव आहेत. परागाचा वाटा फक्त आतल्या बीमध्ये उतरतो आणि तो पुढच्या वर्षी, त्या बीच्या वेलाला फळ धरल्यावर दिसतो. म्हणूनच 'हे फळ फार गोड निघाले, याचे बी ठेवू या' हा विचार अपुरा ठरतो. बी कसे निघणार हे फूल उमलते त्या सकाळीच ठरून गेलेले असते; फळ कापताना आपण फक्त त्याचा परिणाम हातात घेतो.

पाणंद

मोहरीताई, शास्त्र मान्य आहे, पण काकडीशेजारचे खरबूज सपक लागते हे आमच्या भागात अनेकांनी पाहिलेले आहे. इतक्या लोकांचा अनुभव एकदम खोटा कसा म्हणावा?

बांधावरून

पाणंद, अनुभव खरा आहे. कारण वेगळे आहे. मी इंदापूर तालुक्यात खरबूज आणि कलिंगड ही दोन्ही पिके घेतो. खरबुजाच्या फळात स्टार्चचा साठा नसतो, त्यामुळे तोडल्यानंतर फळ मऊ होते, वास वाढतो, पण गोडी वाढत नाही. सगळी साखर पानांकडून येते, आणि त्यातली बरीचशी तोडणीआधीच्या शेवटच्या दिवसांत येते. या काळात भुरी रोगाने पाने करपली, ढगाळ हवा राहिली किंवा पाणी भरमसाट दिले, तर फळ सपक निघणारच. काकडीला रोज भरपूर पाणी लागते. परसात दोन्ही पिके एकाच वाफ्यात असली की काकडीसाठी सोडलेले पाणी पिकत आलेल्या खरबुजालाही मिळते. काकांना काकडीचा वेल दिसला. पाण्याचा पाट लक्षात आला नाही, इतकेच. फळाला जाळी धरली आणि वास येऊ लागला की खरबुजाचे पाणी कमी करा, त्याच वाफ्यात फरक कळेल.

तवशे

चिबुडाचा विषय निघाला म्हणून लिहितो. आमच्याकडे सावंतवाडीच्या आसपास आणि पलीकडे गोव्यात चिबूड हे पावसाळ्यातले पीक आहे. मृगाच्या पावसावर बी टोकायचे आणि गणपतीच्या सुमारास फळे घ्यायची. गोव्यात गणपतीपुढच्या माटोळीला, म्हणजे फळे-पाने टांगायच्या लाकडी चौकटीला, तोरिंगण (पपनस), तवशे (मोठी काकडी), भोपळा यांच्या जोडीला चिबूड बांधतात. चिबुडाच्या फोडी नारळाचा रस आणि गूळ घालून खाल्ल्या की दुसरे गोडधोड लागत नाही.

माझी आजी चिबूड पिकून तडकला की त्याचे बी काढून चुलीच्या राखेत मळायची आणि त्याच्या चपट्या थापी स्वयंपाकघराच्या मातीच्या भिंतीला लावायची. तवशाचे आणि भोपळ्याचे बीही असेच थापलेले असे. पुढच्या मृगात थापी फोडून बी टोकले की हमखास उगवत असे. पैसे खर्च न करता, डबा-बरणी न लागता होणारी ही पद्धत सोडून देऊ नये, असे मला मनापासून वाटते.

हरितपर्ण

तवशे, तुमच्या आजींच्या पद्धतीबद्दल पूर्ण आदर ठेवूनच मला वेगळे मत मांडायचे आहे. राख ओल शोषते आणि किडीला आवरते, हे खरेच. पण त्या भिंतीला बी टिकत होते त्यात चुलीचाही तितकाच मोठा वाटा होता. चूल वर्षभर दोन्ही वेळा पेटत असे, त्यामुळे कोकणातल्या पावसातसुद्धा त्या खोलीची भिंत उबदार आणि कोरडी राही, आणि धुरामुळे कीडही लागत नसे. आज गॅस असलेल्या घरात, ऑइलपेंट लावलेल्या भिंतीला तीच थापी लावली, तर श्रावण संपेपर्यंत तिला बुरशी येईल. पद्धत उचलायची तर तिच्यामागचे काम उचलावे, म्हणजे बी खडखडीत वाळवावे आणि पुन्हा ओल लागू देऊ नये.

सरकारी प्रमाणित बियाण्याच्या निकषांत वेलवर्गीय भाज्यांच्या बियांत जास्तीत जास्त 7 टक्के ओलावा चालतो, आणि हवाबंद पाकिटात भरायचे असेल तर 6 टक्के. घरी ओलावा मोजण्याचे यंत्र नसते, पण एक साधी खूण आहे. बी दोन बोटांत धरून वाकवावे. वाकले तर अजून ओले आहे. कट्कन मोडले तर भरण्याजोगे झाले. मग ते घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत ठेवावे आणि बरणीच्या तळाशी कापडी पुरचुंडीत सिलिका जेल किंवा कढईत कोरडे भाजून पूर्ण निववलेले तांदूळ घालावेत. ही बरणी फ्रिजमध्ये ठेवली तर अधिक चांगले. मात्र बाहेर काढल्यावर ती खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नये, नाहीतर हवेतले बाष्प थंड बियांवर उतरते आणि सगळी मेहनत वाया जाते. इतके केले तर खरबुजाचे बी चार-पाच वर्षे सहज उगवते.

तवशे

हरितपर्ण, चुलीचा मुद्दा पटला. राख चाळून, पूर्ण निववून बरणीत घातली तर चालेल ना? घरात अजून बंबाची राख मिळते.

हरितपर्ण

अवश्य चालेल. राख ताजी आणि कोरडी हवी. उघड्यावर पडलेली राख आधीच हवेतली ओल पिऊन बसलेली असते.

परसदार_वाई

सर्वांचे आभार. रोपवाटिकेत विचारून आलो. वाण संकरितच निघाले. म्हणजे या फळांचे बी ठेवण्यात अर्थ नाही, असेच समजू का? आणि चिबूड जवळ असताना शुद्ध बी मिळवण्याचा काही मार्ग आहे का?

मोहरी

या वर्षीच्या फळांचे बी हौस म्हणून लावायला हरकत नाही, फक्त त्यावर भिस्त ठेवू नका. पुढच्या हंगामासाठी सरळ, म्हणजे संकरित नसलेला, वाण आणा. लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाचा हरा मधु, दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचा पुसा शरबती, बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचे अर्का राजहंस आणि अर्का जीत हे सगळे सरळ वाण आहेत. यांचे बी योग्य रीतीने धरले तर पिढ्यान्पिढ्या तेच फळ देत राहते. गंमत म्हणजे अर्का राजहंस हा राजस्थानातल्या स्थानिक खरबुजातून निवडलेला आहे, म्हणजे कुणीतरी शेतकऱ्याने राखलेल्या बियांतूनच तो पुढे आला.

प्रमाणित बियाण्यासाठी दोन वाणांत किमान 500 मीटर आणि पायाभूत बियाण्यासाठी (ज्यापासून प्रमाणित बी तयार करतात) 1000 मीटर अंतर ठेवावे लागते. परसात हे अशक्य आहे, म्हणून हाताने परागीकरण करावे. त्याची रीत सविस्तर सांगते.

खरबुजाच्या वेलावर आधी नर फुले घोसाने येतात. फळ धरणारी फुले नंतर, आडव्या फुटलेल्या लहान फांद्यांवर येतात आणि त्यांच्या पाकळ्यांखाली बोराच्या आठळीएवढे लवदार फळ आधीपासूनच दिसते. संध्याकाळी वेलाजवळ बसून उद्या उमलणाऱ्या कळ्या शोधाव्यात; त्यांचे टोक हिरव्याचे पिवळसर झालेले असते, पण पाकळ्या अजून मिटलेल्या असतात. अशा मादी कळीच्या आणि त्याच वाणाच्या एक-दोन नर कळ्यांच्या टोकाला सुती दोरा हलकेच गुंडाळावा, म्हणजे पहाटे त्या आपोआप उमलणार नाहीत आणि माशी आत शिरणार नाही. सकाळी ऊन तापण्याआधी नर फूल खुडून त्याच्या पाकळ्या काढाव्यात, मादी कळीचा दोरा सोडावा आणि नर फुलाचे पुंकेसर आतल्या हिरवट, तीन पाळ्यांच्या कुक्षीवर सावकाश फिरवावेत. पराग चिकट असतो, त्यामुळे तो लागलेला डोळ्यांना दिसतो. लगेच पाकळ्या पुन्हा जुळवून दोरा बांधावा आणि देठाला रंगीत लोकरीचा धागा सैल बांधून ठेवावा. हा धागा फार महत्त्वाचा आहे, कारण फळ पिकेपर्यंत कोणते फूल आपण हाताळले होते हे कुणाच्याच लक्षात राहत नाही.

खरबुजाच्या बऱ्याच फुलांची गळ होते, म्हणून थोड्या यशावर खूश राहून अनेक फुलांवर हा प्रयोग करत राहावे. वेलावर आधीची फळे पोसत असतील तर नवीन फळ वेल टाकून देतो. बी धरायच्या वेलावरची आधीची कोवळी फळे काढून टाकली की हाताने धरलेले फळ टिकण्याची शक्यता वाढते.

रानवाट_परभणी

मोहरीताईंनी शेंदाडाचे नाव घेतले, त्यावर थोडे. आमच्याकडे कपाशीच्या आणि ज्वारीच्या पाटांत, म्हणजे पिकातल्या पट्ट्यांत, बायका पेरणीबरोबरच शेंदाड, वाळूक, काकडी यांचे बी टाकत. दिवाळीच्या आगेमागे कापूस वेचताना पिकून फुटलेले शेंदाड हाती लागले की तिथेच बांधावर बसून खायचे. हे बी कुणी विकत आणत नसे. प्रत्येक घराचे वेगळे, लेक सासरी जाताना तिच्याबरोबर जाणारे. तणनाशकाच्या फवारणीने पाटातले हे वेल संपले, आणि त्यांच्याबरोबर कितीतरी घरांचे वाण संपले. याचे मला फार वाईट वाटते.

एक इशाराही द्यायचा आहे. शेताच्या कडेला जंगली, कडू फळांचे वेल असतील तर बी घेण्यापूर्वी ते उपटावेत. अशा वेलाचा पराग आला तर पुढच्या वर्षी फळे कडू निघू शकतात. कलिंगडाला हाच धोका कडू इंद्रावणापासून असतो. वेलवर्गीय फळांतला कडूपणा हा कुकुरबिटासिन या विषारी द्रव्यामुळे येतो. म्हणून राखलेल्या बियांच्या पहिल्या फळाचा लहानसा तुकडा आधी चाखून पाहावा, आणि कडू लागला तर फळ टाकून द्यावे. साखर घालून रस काढण्याचा मोह धरू नये.

पाणंद

नदीकाठचेही असेच झाले. तापी, गोदावरी, वैनगंगा अशा नद्यांच्या उघड्या पात्रात भोई-ढीवर कुटुंबे हिवाळ्यात वाळूत खड्डे घेऊन टरबूज-डांगराच्या (कलिंगड-खरबुजाच्या) वाड्या करत. धरणांमुळे पाण्याचा नेम राहिला नाही आणि उपशामुळे वाळू राहिली नाही. त्या वाड्यांचे बीही घरचेच असे.

सुगरण_ठाणे

आमच्याकडे खरबुजाचे बी वाळवून सोलतात आणि मगज म्हणून थंडाईत व बर्फीत घालतात. लावण्यासाठी राखायचे की खाण्यासाठी, यावरून दर उन्हाळ्यात घरात चर्चा होते. सध्या थंडाईची बाजू वरचढ आहे.

हरितपर्ण

सुगरणताई, दोन्ही जमेल. बी धुताना जे पाण्यावर तरंगते ते बहुतेक पोचट असते, ते बाजूला काढा. तळाशी बसलेल्यांतले मूठभर लावण्यासाठी ठेवून उरलेल्याचा खुशाल मगज करा.

उत्सुक_जळगाव

बिनबियांच्या कलिंगडात पांढऱ्या मऊ बिया असतात. त्या लावल्या तर उगवतील का?

मोहरी

नाही. त्या नुसत्या रिकाम्या टरफलांसारख्या असतात. अशा कलिंगडात गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असतात, त्यामुळे बी भरतच नाही. जपानी शास्त्रज्ञ हितोशी किहारा यांनी हे तंत्र विकसित करून 1951 साली त्याविषयीचे संशोधन प्रसिद्ध केले. बी राखायचे असेल तर शुगर बेबी किंवा अर्का माणिक यांसारखे सरळ वाण लावा.

बांधावरून

व्यापारी शेती करणाऱ्यांसाठी एक वेगळा विचार मांडतो. एकरभर क्षेत्रावर मल्चिंग (जमिनीवरचे आच्छादन), ठिबक, विद्राव्य खते असा खर्च केल्यावर घरचे, अनिश्चित बी लावणे मला योग्य वाटत नाही, कारण व्यापारी एकसारख्या आकाराचा माल मागतो. परसबागेत मात्र बी जरूर राखावे. तिथे फळे लहानमोठी निघाली तरी कुणाचे नुकसान नाही.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे रोग. फळांवर डाग पाडणारा जिवाणूजन्य करपा आणि काकडीवर्गातला हिरवा मोझॅक विषाणू हे दोन्ही बियांतून पसरतात. ज्या वेलाची पाने चितकबरी, आकसलेली असतील त्याचे बी फळ कितीही गोड असले तरी ठेवू नये, आणि इतरांना तर मुळीच देऊ नये. निरोगी, उशिरापर्यंत हिरव्या राहिलेल्या चार-पाच वेलांची निवड करून प्रत्येकाच्या एका फळाचे बी एकत्र करावे. एकाच वेलावर विसंबले तर त्याचा एखादा लपलेला दोषही सगळ्या पिकात येतो.

दूरदेशी

मी अमेरिकेत टेक्सासमध्ये राहते. इथला उन्हाळा चिबुडाला मानवेल असे वाटते. कुणी टपालाने बी पाठवेल का?

माळरान

दूरदेशी, साध्या पाकिटातून पाठवू नये आणि मागवूही नये. परदेशात बी नेण्यासाठी वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र आणि त्या देशाचा परवाना लागतो. वर सांगितलेले बियांतून पसरणारे रोग याच वाटेने एका देशातून दुसऱ्या देशात जातात. तिथल्या बियाणे जपणाऱ्या मंडळांकडे भारतीय खरबुजांच्या जाती मिळतात का, ते आधी पाहा.

देशातल्या देशात मात्र संकोच नको. पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, 2001 याच्या कलम 39 नुसार शेतकऱ्याला आपले बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा आणि विकण्याचाही हक्क आहे; फक्त संरक्षित वाणाचे बी ब्रँड लावून विकता येत नाही. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी देशी वाणांची बियाणे बँक उभी केली आणि त्यांना 2020 चा पद्मश्री मिळाला, तो याच कामासाठी.

परसदार_वाई

ठरले. मावशीचा चिबूड हा सरळ, घरचा वाण आहे, तेव्हा यंदा राखायचे बी चिबुडाचेच. वेलावर अजून कळ्या आहेत, त्यामुळे आज संध्याकाळीच दोरा घेऊन बसतो. संकरित खरबूज आम्ही खाऊन संपवू. फळ किती पिकू द्यावे आणि बी धुवावे कसे, एवढे कुणी सांगितले तर उपकार होतील.

तवशे

चिबूड पिवळा पडून देठ सुटला किंवा फळ तडकले की तोडा आणि आणखी दोन-तीन दिवस सावलीत राहू द्या, म्हणजे आतले बी पूर्ण भरते. खायला थोडे जास्त पिकलेले फळ बीला उत्तम.

हरितपर्ण

मधला मऊ गाभा बियांसकट काचेच्या भांड्यात काढा, थोडे पाणी घाला आणि वर फडके बांधा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात एक ते दीड दिवस पुरतो. दिवसातून दोनदा ढवळा. वर फेस येतो, आंबूस वास सुटतो, आणि बी बोटांत चोळले असता बुळबुळीतपणा जाऊन ते खरखरीत लागते. तसे लागले की लगेच धुवा, कारण जास्त वेळ ठेवले तर बी भांड्यातच मोड काढते. कलिंगडाच्या बीला हे आंबवणे लागत नाही, नुसते चोळून धुतले तरी पुरते. धुतलेले बी ताटात एकेरी पसरून सावलीत, वाऱ्यावर वाळवा. कागदावर पसरले तर चिकटून बसते. अगदी शेवटी सकाळचे कोवळे ऊन दाखवा, भर दुपारचे नको.

बांधावरून

बरणीवर वाणाचे नाव, गाव आणि वर्ष लिहून ठेवा. पेरणीआधी पंधरा दिवस 10 बिया ओल्या फडक्यात गुंडाळून उबदार जागी ठेवून पाहा. आठवडाभरात सहा किंवा त्याहून अधिक बियांना मोड आले तर एका आळ्यात दोन बिया पुरतील. त्याहून कमी बियांना मोड आले तर चार-चार टोका आणि नंतर विरळणी करा. चिबूड पावसाळ्यातच लावणार असाल तर आळे उंचवट्यावर घ्या, पाणी साचले की बी कुजते.